रुमालाखालची करंगळी

मी एक जुना रुमाल आहे. नाक पुसायचा नव्हे हो! मित्रांनो, अरबस्तानातल्या मोख्याच्या बंदरात दलाल माझ्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरवतात. जितकी बोटं धरली, गोणीमागे तितके रियाल. तोंडाने चकार शब्द नाही. एकदा टाळी दिली की सौदा पक्का. शब्द फिरवणाऱ्याला मग दीव, सुरत, बसरा, कुठेच कोणी दारात उभं करत नाही.

गुजरातेतल्या खंबायतच्या विणकराने मला विणलं आणि दलाल मेघजीकाकांनी इथे आणलं. त्यांच्या खांद्यावर काय ऐट होती माझी! अरब व्यापारी म्हणायचे, "मेघजीच्या रुमालाखाली खोटं शिरतच नाही."

पुढे तापाने काकांचा उजवा हात बधिर झाला. "बस झालं," ते म्हणाले. "वारा फिरला की गलबताने दीवला घरी जाणार. बायको मोंघी वाट बघून म्हातारी झाली." शेवटचा सौदा तेवढा उरला होता, दीवच्या शेठची कॉफी विकण्याचा. घेणारा होता काकांचाच पुतण्या वीरपाळ. बोटांची भाषा त्याला काकांनीच शिकवली होती.

माझ्याखाली काकांनी त्याची पाचही बोटं धरली. वीरपाळने करंगळी अलगद काढून घेतली. मेल्याला लाज कशी वाटली नाही! बधिर हाताला काही कळलं नाही. टाळी पडली. गोण्या गलबतावर चढल्या आणि वीरपाळने चाराच्या भावाने पैसे टाकले.

"अरे, पाच धरली होती मी!"

"चारच होती, काका. की आता शब्द फिरवताय?"

सगळा बाजार वळून बघू लागला. मी सगळं पाहिलं होतं, पण रुमालाला कुठलं तोंड? काकांनी मान खाली घातली. "चार तर चार." शेठची तूट त्यांनी पदरमोड करून भरली. परतीच्या भाड्यालाही काही उरलं नाही. वारा फिरला, गलबत गेलं, काका धक्क्यावरच राहिले. पुढे ते वीरपाळच्याच वखारीत गोण्या शिवत बसायचे. हमाल त्यांना 'चारबोट्या' म्हणून चिडवत, आणि वीरपाळ हसत असे.

मागच्या वर्षी काका गेले. शेजाऱ्यांनी मला त्यांच्या तोंडावर पांघरलं. मला बरं वाटलं. म्हटलं, निदान त्यांच्याबरोबर जळू. तेवढ्यात वीरपाळ आला. डोळे पुसत म्हणाला, "शब्दाचा पक्का माणूस!" आणि मला ओढून घेतलं. "चांगला आहे अजून. जाळायचा कशाला?"

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर सांभाळा. वीरपाळ मला फार जपतो. रोज धुतो, घडी घालतो. आजही त्याच्या खांद्यावर बसून, 'मेघजीचा रुमाल' म्हणून, मी बाजारात सौद्याला निघालो आहे.