बूरूलचा उजवा खांदा

मीठ कढईत तडतडू लागलं की आई म्हणायची, "आता मोजा धर."

मी वडिलांचा जुना लोकरीचा मोजा उघडून धरायची आणि ती डाव्या हाताने गरम मीठ त्यात ओतायची. उजवा हात पोटाशी धरलेला असायचा, दुसऱ्या कुणी सांभाळायला दिल्यासारखा.

"गाठ नीट मार. काल अर्धं मीठ पाठीवर सांडलंस. मासळी खारवतात तशी खारवलीस मला."

"मग दवाखान्यात जा ना, आई."

"जाते की. काय सांगू तिथं? हात वर जात नाही, पण सकाळी माझी गाडी मलाच द्या?"

आई बिश्केकमध्ये ट्रॉलीबस चालवायची, माझ्या जन्माआधीपासून. ट्रॉलीबसच्या टपावर दोन लांब दांडे असतात. ते वरच्या तारांना टेकलेले असले तरच गाडी चालते. चालक त्यांना शिंगं म्हणतात. चौकात, वळणावर, बर्फ पडलेलं असताना शिंग तारेवरून निसटतं. गाडी जागच्या जागी थांबते, आतले दिवे जातात. मग चालकाने उतरून मागे जायचं, दोरी धरून शिंग खाली ओढायचं आणि मान वर करून, नेम धरून ते पुन्हा तारेवर टेकवायचं. आईला हे एका दमात जमायचं. प्रवाशांना दिवे गेले आणि आले, एवढंच कळायचं.

त्या हिवाळ्यात तिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. दोरी ती डाव्या हाताने धरायची आणि अंगाचा भार टाकून ओढायची. वसंत लागला की डेपोतल्या सगळ्या चालकांना डॉक्टरांपुढे उभं राहून दोन्ही हात डोक्यावर न्यावे लागत. ज्याचा हात जात नसे, त्याची गाडी जात असे. आईला वसंतापर्यंत हात वर न्यायचा होता, आणि तोवर डेपोत कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

आता आई नाही. भेटायला येणारे तिच्या शेवटच्या आजाराबद्दल विचारतात, मी सांगते. खांद्याबद्दल कुणी विचारत नाही. खांद्याने कुणी मरत नाही.

तेव्हा मात्र आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. रात्री मीठ. सकाळी पुलावात घालतात ती मेंढीच्या शेपटीची चरबी वितळवून, त्यात लाल मिरची घालून चोळायची, वरून उंटाच्या लोकरीची शाल गुंडाळायची आणि त्यावर गणवेश चढवायचा. कपडे घालताना आधी दुखरा हात बाहीत, मग चांगला. काढताना उलट. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, दुखण्यानेच शिकवलं.

"आज एक बाई सांगत होती, गाडीत कुणीतरी पुलाव घेऊन चाललंय," आई एकदा घरी येऊन म्हणाली. "सगळा रस्ता नाक वर करून शोधत होती बिचारी."

शेजारी क्लावाआजी राहायच्या. कोबीच्या पानाला मध लावून बांधलं की कसलंही दुखणं ओढलं जातं, असं त्यांचं मत होतं. पण क्लावाआजींना सांगणं म्हणजे गल्लीला सांगणं. म्हणून दुखतंय ते माझं, असं आम्ही ठरवलं. आजी माझ्या धडधाकट खांद्यावर पान बांधायच्या, मी घरी यायची आणि तेच पान आईच्या खांद्यावर चढायचं.

"आज जरा ओढ बसली का गं?" आजी दुसऱ्या दिवशी विचारायच्या.

"थोडी," मी म्हणायची.

"तरुण हाडं. आठवड्यात पळायला लागशील."

हे ऐकून आई हसायची आणि हसताना खांदा धरायची. पण फेब्रुवारी आला तरी तिला स्वतःची वेणी घालता येत नव्हती. कुशीवर वळली की जाग यायची. सकाळी तिचे डोळे लाल असायचे आणि ती म्हणायची, बर्फाकडे बघून बघून झालेत.

शेवटी तिने डोंगरापलीकडे कोचकोरला धाकट्या भावाला निरोप धाडला; तो तिला एजे, म्हणजे ताई, म्हणायचा. कुबातमामा रविवारी सकाळीच आला. गाडी अंगणात घेतली, डिकी उघडली. आत पाय बांधलेला काळा मेंढा होता.

"उतर रे," मामा त्याला म्हणाला. "रस्ताभर बडबडलास, आता गप्प का?"

आई दारात उभी राहिली. "कुबात, मी तुला चरबी आणायला सांगितलं होतं."

"चरबीच आणलीय. जरा चालती आणली, एवढंच." तो तिच्याजवळ गेला, हात धरून हळूच वर उचलू लागला. थोडा गेला आणि आईने ओठ आवळले. मामाचा चेहरा बदलला. "एजे, हे मिठानं जाणारं नाही. तुला कातड्यात घालायला हवं. आपल्या आजोबांची पाठ कशी सुटली होती, आठवतं ना?"

"आठवतं. पण मेंढा कापला की..."

"कापला की काय?"

आईने शेजारच्या भिंतीपलीकडे एकदा नजर टाकली. आता वाटतं, तिला तेव्हाच पुढचं सगळं दिसलं होतं. पण ती कित्येक रात्री झोपली नव्हती, आणि भाऊ डोंगर ओलांडून आला होता.

कापण्याआधी आम्ही अंगणात उभे राहिलो, मामाने दुआ मागितली. शेवटी सगळ्यांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले. आईने हात वर नेण्याऐवजी चेहराच खाली हाताकडे नेला. मामाने ते पाहिलं आणि नजर वळवली.

कातडं गार व्हायच्या आत अंगाला लागावं लागतं. मामाने ते बाहेरून आत धावत आणलं. मी आईची पाठ उघडी केली. आतली ओली, उबदार बाजू खांद्याला आणि लोकर बाहेर, असं गुंडाळून वर दोन रजया टाकल्या. मग मामाने हाडांचं गरम कढण तिला वाडग्याने पाजलं. आईला घाम फुटला. थोड्या वेळाने ती बोलता बोलता थांबली, आणि मला वाटलं, तिला काही झालं. ती झोपली होती. भरदिवसा, तोंड किंचित उघडं टाकून, लहान मुलासारखी.

दुपारी ती जागी झाली तेव्हा मामा मांसाचे वाटे करत होता. मेंढ्याचं मांस घरातल्या घरात संपवायचं नसतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटा जातो, आणि ज्याचा जसा मान तसं हाड जातं.

"क्लावाआजींना एक," मामा म्हणाला. "कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याला एक. आणि ती निळ्या फाटकाची कोण?"

"झूरा," आई रजईतून म्हणाली. "तिच्याकडं नको."

झूरा-एजे डेपोत होती. पहाटे कुणाला कुठली गाडी द्यायची, ते तीच सांगायची. चालक धडधाकट आहे, झोपून आलाय, प्यायलेला नाही, हे बघून सही करायची, मग गाडी फाटकाबाहेर पडायची.

"नको कशी?" मामा म्हणाला. "तिच्या भिंतीला लागून कापलाय. वास गेला नसेल तिला? सगळ्या गल्लीला वाटा आणि तिला वगळलंस, तर उद्या कुठल्या तोंडानं सलाम करशील?"

आई छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पोरी, तिच्या ताटात मांडीचं चांगलं हाड घाल. फालतू देऊ नकोस."

मी ताट घेऊन गेले. झूरा-एजेने ते दोन्ही हातांनी घेतलं. "अरे वा. काय निमित्त? तुझं ठरलं की काय?"

"मामा आलाय."

"मामा आला म्हणून मेंढा? श्रीमंत मामा आहे बाई तुझा."

मला वाटलं, निभावलं. पण आलेलं ताट रिकामं परत करायचं नसतं. संध्याकाळी झूरा-एजे स्वतः आली. ताटात बोरसोक, कणकेचे छोटे तुकडे, तळून आणले होते. ओरडतच आत शिरली, "बूरूल-एजे, कुठं आहेस? भाऊ आला आणि तू झोपलीस?" आणि खोलीच्या दारात थबकली. कच्च्या कातड्याचा वास लपत नाही. आमच्यातल्या कुणालाही तो काय सांगतो, ते सांगावं लागत नाही.

मामा म्हणाला, "पाठ धरलीय जरा."

झूरा-एजेने त्याच्याकडे बघितलंच नाही. ताट खाली ठेवलं आणि आईच्या उशाशी बसली. "एजे, पाठ आहे का?"

घरात तिच्याच हातचे बोरसोक होते आणि तिच्या घरी आमचं मांस शिजत होतं. आई म्हणाली, "खांदा. उजवा."

"कधीपासून?"

"बर्फ पडायच्या आधीपासून."

झूरा-एजेने रजईचं टोक सारखं केलं. "मी यायलाच नको होतं," ती म्हणाली. "ताट उद्या पाठवलं असतं तरी चाललं असतं."

"आलीस ते बरं केलंस. बोरसोक गरम आहेत."

"थट्टा करू नकोस. दोरी हातातून निसटली आणि शिंग कुणाच्या काचेत घुसलं, तर सही माझी आहे. आता मी कशी करू सही? माहीत नव्हतं तोवर गोष्ट वेगळी होती."

"मी तुला म्हटलंय का कर म्हणून?"

"तू म्हणायला हवं होतंस," झूरा-एजे म्हणाली. "निदान भांडायला तरी हवं होतंस."

आई भांडली नाही. वसंताची वाट न बघता त्या आठवड्यातच ती डॉक्टरांपुढे उभी राहिली. डावा हात वर गेला, उजवा छातीपाशी अडला. डॉक्टर तरुण बाई होती. तिने हात हलक्या हाताने फिरवून पाहिला आणि विचारलं, इतके दिवस काय केलंत. आईने सगळं सांगितलं. मीठ, चरबी, शाल, कोबी, मेंढा.

"शेक चांगलाच होता," डॉक्टर म्हणाली. "पण शेक घेऊन तुम्ही रोज त्याच हाताने गाडी हाकत होता. सांधा आखडलाय. बादली लोंबते तसा हात लोंबता सोडून झुलवायचा, भिंतीवर बोटं चालवत न्यायची, दुखेल तिथं थांबायचं. हा सुटतो हो, वेळ घेतो. बर्फाआधी आला असतात तर काही महिने रजा मिळाली असती, गाडी राहिली असती."

आई घरी आली आणि हे वाक्य तिने मला जसंच्या तसं सांगितलं. नंतर कधीही उच्चारलं नाही. तिला डेपोच्या फाटकावरच्या खोलीत बसवलं. गाड्या आत-बाहेर जाताना दांडी वर-खाली करायची. तिची गाडी एका नव्या मुलाला मिळाली. पहाटे फाटकातून जाताना तो तिला हात करायचा, आणि ती दांडी वर करायची. डाव्या हाताने.

तिने डॉक्टरचं सगळं ऐकलं. मिठाचा मोजाही सोडला नाही. आधी शेक, मग हात झुलवणं, मग स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोटं. उन्हाळ्यात जर्दाळू पिकले तेव्हा तिला वेणी घालता येऊ लागली. पानगळीपर्यंत हात पुरता सुटला. ती डेपोच्या साहेबांना विचारायला गेली. साहेब चांगले बोलले, चहा पाजला. या वयात एकदा उतरलेल्या माणसाला परत चढवत नाहीत, म्हणाले.

"चहा चांगला होता," आई म्हणाली.

त्याच सुमारास एकदा आम्ही दोघी बाजारातून ट्रॉलीबसने परतत होतो. आई खिडकीशी बसली होती, मांडीवर पिशवी. मोठ्या चौकातल्या वळणावर वर काहीतरी खटकलं, दिवे गेले, गाडी थांबली. चालक एक पोरगेलासा मुलगा होता. तो उतरून मागे गेला. शिंग तारेजवळ जाऊन घसरलं, पुन्हा घसरलं. मागून हॉर्न वाजू लागले. कुणीतरी म्हणालं, याला रस्त्यावर सोडलं कुणी.

आई उठली. मला वाटलं, खाली उतरते. पण ती मधल्या वाटेत उभी राहून मागच्या काचेतून बघत राहिली. पिशवी तिने माझ्याकडे दिली होती. तिचा उजवा हात हळूहळू वर चालला होता, खांद्याच्या वर, डोक्याच्या वर, पार टपापर्यंत, न अडखळता. बोटं रिकामी दोरी धरल्यासारखी मिटली होती. "थोडं डावीकडं," ती पुटपुटली. "आता सोड. हळू."

दिवे आले. गाडी हलली. लोक आपापल्या बोलण्याकडे वळले. आईचा हात अजून वरच होता. तिला ते कळलं, तशी तिने आजूबाजूला पाहिलं आणि त्याच हाताने आधाराचा वरचा दांडा धरला.

समोरच्या बाकावरचा एक शाळकरी मुलगा उठला. "आजी, बसा."

"बस रे बाबा," आई म्हणाली. "मी बरी आहे."

तिची स्वतःची जागाही रिकामी होती. आमचा थांबा येईपर्यंत ती तशीच उभी राहिली.