किंमत सांगायची ती कुणाला

"भुताखेतांच्या वस्तूंची किंमत तुम्हीच काढता ना?" सोमनाथ बोरस्तेने फोनवर विचारलं, तेव्हा उजमाला हसूच आलं. पण प्रश्न चुकीचा नव्हता. सिनेमाची जुनी पोस्टरं, मुखवटे, कॉमिक्स, खेळणी असल्या गोष्टींची किंमत ठरवून देणं हाच तिचा धंदा होता. मालेगावच्या पिक्चरवेड्या गल्लीत ती वाढली, मुंबईच्या एका लिलावघरात काही वर्षं घासली आणि आता नाशिकमध्ये एकटीनेच काम बघत होती. भयपटांचा असा अख्खा संग्रह मात्र तिच्याकडे पहिल्यांदाच येत होता.

"आईचं आहे सगळं," सोमनाथ म्हणाला. "जेलरोडच्या भाड्याच्या घरात आतली खोली नुसती भरून ठेवलीये. तिला मी पाथर्डी फाट्याला माझ्या फ्लॅटवर नेतोय. तुम्ही बघा आणि सांगा. किंमत येत असेल तर विकू. नाहीतर रविवारी भंगारवाला टेम्पो घेऊन येतोयच."

फोन ठेवल्यावर उजमाला काहीतरी खटकत राहिलं. काय ते तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी दार वत्सलाबाईंनीच उघडलं. सत्तरी ओलांडलेली काटक बाई, पदर खोचलेला, हाताला कणीक.

"तूच का ती भुतं मोजणारी? ये. चप्पल आत आण, बाहेर कुत्रं पळवतं."

आतल्या खोलीत पाऊल टाकलं आणि उजमा थबकली. खिडकीच्या गजाला रबराचा चेटकिणीचा मुखवटा बांधलेला, उन्हाने एका गालाला तडे गेलेले. दोरीवर चिमट्यांनी अडकवलेली फोटोकार्डं, पूर्वी टॉकीजच्या दारात लावायचे तसली. कपाटावर गुंडाळ्या, पलंगाखाली गुंडाळ्या. बिस्किटाच्या डब्यात राक्षसांची स्टिकरं, गाण्यांच्या पुस्तिका, भुतांची कॉमिक्स. सगळ्याला डांबरगोळ्यांचा वास.

ती कामाला लागली. हातमोजे चढवून एकेक पोस्टर पलंगावर उलगडायचं, घड्यांवर कागद फाटलाय का ते बघायचं, खालच्या कडेला छापखान्याचं नाव वाचायचं. पिक्चर पहिल्यांदा लागला तेव्हाचं पोस्टर आणि पुन्हा लागला तेव्हाचं पोस्टर यांत जमीनअस्मानाचा फरक पडतो. वत्सलाबाई उंबऱ्यात बसून पोळ्यांचं पीठ मळत होत्या आणि डोळ्यात तेल घालून तिच्याकडे बघत होत्या.

"मावशी, हे सगळं जमवलं कसं?"

"आमचे मालक टॉकीजमध्ये मशीन चालवायचे. मी बायकांच्या खिडकीला तिकिटं फाडायची. आता ती टॉकीज बी नाय, पाडून दुकानं झालीत. पिक्चर उतरला की पोस्टरं फेकून द्यायचे, मी घरी आणायची."

"पण भुतांचीच का?"

वत्सलाबाईंचा हात थांबला. "तू लहान हायेस, तुला नाय कळायचं. भुताचा पिक्चर लागला की दुपारच्या खेळाला बायकांची ही गर्दी. घरी मार खाल्लेल्या, सासूनं बोललेल्या, मूल गेलेल्या. घरात ओरडायची सोय नसायची ना. अंधारात भूत आलं की अशा किंचाळायच्या, छप्पर उडंल. बाहेर येताना तोंडं कशी हलकी झालेली असायची! मग मी बी खिडकी बंद करून आत जायला लागले."

"तुम्हीही ओरडायचात?"

"लय," त्या म्हणाल्या आणि पुन्हा पीठ मळायला लागल्या.

संध्याकाळपर्यंत उजमाला अंदाज आला होता. बरंच काही साधारण होतं, पण काही पोस्टरं तिने फक्त मुंबईच्या जाडजूड कॅटलॉगांत पाहिली होती. त्यातलं एक तर भिंतभर मोठं, कापडावर चिकटवलेलं, विहिरीतून वर येणारी बाई. त्याच्या कडेचं छापखान्याचं नाव तिने दोनदा वाचलं.

निघताना वत्सलाबाईंनी हळूच विचारलं, "किंमत आली तर सोमा विकणार. नाय आली तर भंगारात घालणार. मग तू आलीस ती कशाला, बाई?"

कालपासून खटकत होतं ते हेच. उजमा चप्पल घालून खाली उतरली.

पुढचे दोन दिवस तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कमी आकडा सांगावा तर टेम्पो तयार, शिवाय ते खोटं. खरा आकडा सांगावा तर खोली आठवड्यात रिकामी. चहा ठेवला तर उतू गेला. कॉलेजरोडवर कुरिअर टाकायला गेली आणि पार्सल तसंच घेऊन परत आली. शेवटी तिने सोमनाथला फोन लावला.

"तुम्हाला ते ठेवताच येणार नाही का? थोडंसं तरी?"

"मॅडम," सोमनाथ म्हणाला, "मी दहावीपर्यंत त्या खोलीत झोपलोय. रात्री लघवीला उठायचं म्हटलं तर त्या मुखवट्याखालून जावं लागायचं. गादी ओली केली म्हणून वडिलांचा मार खाल्लाय. शाळेत मला काय म्हणायचे माहितीये? हडळीचा पोरगा. माझ्या घरात त्यातलं एक चिटोरं नको."

उजमाला तोवर तो नुसता घाईला आलेला मुलगा वाटत होता. आता तिला त्याचाही राग करता येईना, आणि जीव जास्तच घुटमळायला लागला.

रविवारी ती पोहोचली तेव्हा टेम्पो दारात लागलेलाच होता. भंगारवाला तंबाखू मळत बसला होता. सोमनाथ पायऱ्यांवर येरझारा घालत होता.

"सांगा, किती येतील?"

तिच्या तोंडून जे निघालं ते तिने ठरवलेलं नव्हतं. मुंबईतले तिचे जुने साहेब म्हणायचे, आकडा मालकाच्या कानात, बाकीच्यांना फक्त चहा.

"दादा, वस्तू कुणाच्या आहेत?"

"म्हणजे? आईच्या."

"मग आकडा मी आईंना सांगणार. तुम्हाला सांगायचा की नाही, ते त्या बघतील."

"फोन मी केला! पैसे मी देणार!"

"माझे पैसे नका देऊ," उजमा म्हणाली. त्याला ओलांडून ती आत गेली आणि दार लोटून घेतलं.

वत्सलाबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. उजमाने त्यांच्या कानाशी तोंड नेलं. आधी सगळ्याचा मिळून आकडा सांगितला, मग एकट्या मोठ्या पोस्टरचा. वत्सलाबाईंनी तो पुन्हा सांगायला लावला. मग त्या हसत सुटल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"त्या विहिरवालीचे एवढे? ती मालकांनी मुंबईहून आणलेली. मला कधीच आवडली नाय. तोंड बघ तिचं, ओरडतीय का जांभई देतीय! एवढ्यात या घराचं भाडं किती दिवस निघंल?"

"चार-पाच वर्षं तरी, मावशी. तोपर्यंत..."

"तोपर्यंत बास झालं."

त्या उठल्या, दार उघडलं. "सोमा, टेम्पो परत पाठव. मी विहिरवाली विकणार आणि हितंच राहणार. भाडं मी भरीन."

"एकटी? या वयात? रात्री काही झालं तर?"

"तुला या खोलीचं भ्या वाटतं, मला तुझ्या फ्लॅटचं. तिथं दार लावलं की माणसाचा आवाज येत नाय."

सोमनाथने उजमाकडे असं बघितलं, की तिने मान खाली घातली. भंगारवाल्याच्या हातावर काहीतरी टेकवून तो निघून गेला.

पोस्टर मुंबईला गेलं, उजमाने सांगितलेल्या किमतीच्या आसपासच विकलं गेलं. काम चोख झालं होतं, तरी तिला चैन नव्हतं. सोमनाथ म्हणाला तेही खरंच होतं. म्हातारी बाई पडली, घेरी आली, तर त्याला जबाबदार कोण? दर दोन-तीन दिवसांनी ती फोन करायला लागली.

एका सकाळी फोन वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिने गाडीची किल्ली उचलली आणि द्वारकेचा सिग्नल कसा पार केला ते तिचं तिलाच कळलं नाही.

जेलरोडच्या त्या पायऱ्यांवर सोमनाथ उभा होता, ऑफिसच्या कपड्यांत, घामाघूम. दाराला कुलूप.

"तुमचाही उचलला नाही?" त्याने विचारलं.

तिने मान हलवली. दोघं एकमेकांपासून लांब, एकाच पायरीवर बसले. तो म्हणाला, "मी रोज करतो फोन. ती उचलते आणि म्हणते, अजून हाय. ठेवून देते."

कोपऱ्यावरून वत्सलाबाई भाजीची पिशवी घेऊन आल्या. दोघांना बघून थांबल्या.

"कोण मेलं?"

"फोन कुठंय तुझा?" सोमनाथ ओरडला, इतक्या जोरात की समोरच्या बाईने खिडकी उघडली.

"चार्जिंगला लावलाय घरात. मेथी संपते लवकर." त्यांनी पिशवी त्याच्या हातात दिली आणि कनवटीची किल्ली शोधायला लागल्या. "ओरडलास ते बरं केलंस. आत चला दोघं."

सोमनाथ पिशवी घेऊन स्वयंपाकघरापर्यंत गेला. आतल्या खोलीकडे त्याने पाठ केली आणि ओट्यापाशी उभ्याउभ्या मेथी निवडायला लागला.