आत्यासाठी एक डिस्क

आत्याला दिसत नाही. तिच्या जुन्या प्लेअरची बटणं बोटांना तोंडपाठ, म्हणून दुसरं यंत्र ती जवळ येऊ देत नाही. तो प्लेअर फक्त डिस्क वाजवतो. बाबा तिच्यासाठी एक जाडजूड कादंबरी वाचून रेकॉर्ड करत होते. आजारपणात ते आधी दादाकडे राहिले, मग धाकटीकडे. त्यामुळे सुरुवातीची प्रकरणं दादाच्या कॉम्प्युटरवर होती आणि पुढची धाकटीच्या.

बाबा गेले आणि बहीणभावाचं बोलणं बंद झालं. बाबांचं दुसरं ऑपरेशन करायचं की नाही, यावरून ठिणगी पडली होती. दादा नको म्हणाला होता. त्याला बाबा जड झाले, असं धाकटीने मनात धरलं.

शेवटी आत्याने फर्मान काढलं, "भांडणं तुमची तुम्हाला लखलाभ. माझ्या भावाचा आवाज मला द्या."

धाकटीने वायरने जोडायचा छोटा डिस्क बर्नर आणला. दादाकडे फाइली मागायच्या तर बोलावं लागलं असतं. म्हणून तिने बर्नर आणि कोरी डिस्क वहिनीच्या हाती दिली. "डिस्क बंद करू नका म्हणावं. माझी प्रकरणं मागून घालायचीत."

संध्याकाळी फोन वाजला.

"तुझं हे चालत नाही," दादा म्हणाला. "दिवा लागतो, घरघरतं आणि मान टाकतं."

"वायरला दोन पिना आहेत. दोन्ही लाव. तुझ्या जुन्या कॉम्प्युटरची वीज एकीने पुरत नसेल."

"तसं सांगायचं ना आधी!"

"कुणाला? भिंतीला?"

पलीकडे घरघर सुरू झाली, या वेळी थांबली नाही. "लागलं," म्हणून त्याने फोन ठेवला.

डिस्क परत आली, पण धाकटीच्या कॉम्प्युटरवर तिच्यात काही भरता येईना. दादाने ती बंदच करून टाकली होती. तिने चडफडत फोन लावला.

"कॉम्प्युटरने विचारलं, डिस्क पूर्ण करायची का? मी हो म्हटलं. अर्धवट कशाला ठेवायची?"

तिला हसूच आलं. त्या डिस्कवरची प्रकरणं स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवून दोघांकडची सगळी प्रकरणं नव्या डिस्कवर भरायची, एवढंच आता उरलं होतं. नीट उतरलंय ना, म्हणून तिने मधलंच एक प्रकरण लावलं.

बाबा वाचता वाचता खोकत होते. मग दादाचा आवाज आला, "बाबा, पाणी घ्या. आता पुरे."

"दादा, एक ऐक. मला पुन्हा कापू देऊ नकोस कुणाला."

"नाही देणार. धाकटी रागावेल."

"रागावू दे. तिला मी समजावेन."

मग पुन्हा वाचन सुरू झालं. तिला समजवायचं तेवढं राहूनच गेलं होतं. तिने ते प्रकरण मागे नेऊन पुन्हा ऐकलं.

नवी डिस्क तयार झाल्यावर तिने दादाला फोन केला. "आत्याकडे मी एकटी जाणार नाही. तू ये."

दोघांच्या मधे बसून आत्याने भावाचा आवाज ऐकला. त्या खोकल्यापाशी तिने दादाचा हात चाचपून धरला. धाकटीने मान खाली घातली. दादा म्हणाला, "बाबांचं म्हणणं मलाही सांगता आलं असतं. पण तू दारच लावलं होतंस."

"उघडायला हवं होतं मी," ती म्हणाली.

कादंबरीचं शेवटचं प्रकरण बाबांचं वाचायचं राहिलं होतं. पुढच्या रविवारी दादा पुस्तक घेऊन धाकटीकडे आला. तो वाचत होता, ती रेकॉर्ड करत होती. तिसऱ्या पानावर त्याचा आवाज अडला, तेव्हा तिने पुस्तक आपल्याकडे ओढून घेतलं आणि पुढची ओळ वाचली.