डावी काख, उजवी काख

काखेत लावायच्या सुगंधी बाटलीच्या तोंडातला गोळा... अंगठ्याखाली गार, गुळगुळीत फिरणारा... एलेउतेरिओने तो पुन्हा फिरवला आणि हुंगला. फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरातल्या त्या दुकानात चौदा बाटल्या हुंगून झाल्या होत्या. ‘नाजूक त्वचेसाठी’ आणि ‘अठ्ठेचाळीस तास’ ही दोन्ही वचनं एकदम देणारी ही एकच, आणि वचनांच्या बाबतीत सहासष्टाव्या वर्षीही माणूस – म्हणजे तो स्वतःच की – लग्नाळू असतो.

“अठ्ठेचाळीस तास?” दुकानदारीण पुरिंग म्हणाली होती. “मानोंग,” – तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला असंच म्हणतात – “नाच तीन तासांचा. बाकीचे पंचेचाळीस कुणाकडे काढणार?”

आज दुपारी रोसेन्दाबाई, निवृत्त गणित-शिक्षिका, जत्रेतल्या नाचासाठी एकेकाबरोबर नाचून जोडीदार निवडणार होत्या. उमेदवार तिघे. त्यांत सुगंधी काही लागलं की लालभडक होणारी कातडी याचीच. बायको, लुमिंग, होती तोवर हा प्रश्नच नव्हता – ती तव्यावर तुरटी फुलवायची, कुटायची, ‘हात वर करा’ म्हणायची, आणि तान्ह्या बाळाला लावावी तशी... ती जाऊन चार वर्षं झाली. तिच्या बरणीत दोन चमचे पूड त्याने जपून ठेवली होती.

शेवटी त्याने न्याय केला. उजवीकडे बाटली, डावीकडे लुमिंग.

बास्केटबॉलच्या मैदानावर, पत्र्याखाली, त्याच्या पाळीचा चा-चा नाच सुरू झाला, आणि पहिलं गाणं संपायच्या आत उजव्या काखेत मुंग्या आल्या, मग निखारे. चेहऱ्यावर मात्र त्याने जत्रेतल्या संतमूर्तीचं हसू धरून ठेवलं. रोसेन्दाबाई त्याच्या डाव्या हाताखालून गिरकी घेऊन आल्या. नाक किंचित हललं.

“मानोंग तेरिओ, उजवीकडे कोण आहे तुमच्या?”

“कोण म्हणजे?”

“जाहिरातीतला कुणी पोरगा वाटतोय. डावीकडे मात्र माणूस आहे. काय लावलंय?”

“तुरटी.” आणि मग, का कोण जाणे, “बायकोनं कुटलेली.”

झालं. गळला एक उमेदवार. रोसेन्दाबाईंनी फळ्यावरचं उत्तर तपासावं तसं त्याच्याकडे बघितलं... चार पावलं, सहा पावलं...

“बारीक कुटायच्या हो,” त्या म्हणाल्या. “फिरवा पुन्हा. डावीकडून.”

निवड अजून व्हायचीच होती. बाकीचे दोघे खुर्च्यांवर रुमालाने वारा घेत टपलेलेच होते. उजवीकडे तर होळी पेटलेली. पण ‘हात वर करा’ असं कुणीतरी म्हटल्यासारखा त्याचा डावा हात वर गेला, चार वर्षांत गेला नव्हता इतका वर – आणि बरणीत उद्यापुरतं उरलंय की नाही, हे आठवून बघावंसंच त्याला वाटेना.