टकटक करणारे ठोकळे

मित्रांनो, मी लाकडी ठोकळ्यांचा एक जुना संच आहे, आणि एका गोष्टीची मला अजून लाज वाटते. ठोकळ्याला कसली आलीय लाज, असं तुम्हाला वाटेल. पण आधी ऐका.

माझा जन्म पुण्यातला. सुचित्राकाकू तिथे कॉलेजात रशियन शिकवत. एक मोडकं टेबल कापून, रंगवून त्यांनी मला घडवलं. माझे पिवळे ठोकळे क्रियापदांचे, लाल त्यांच्या आधी लागणाऱ्या उपसर्गांचे, आणि हिरवे शेवटी लागणाऱ्या प्रत्ययांचे. 'खोदित' म्हणजे चालणं, ये-जा करणं. त्याला लाल 'प्री' लावा, माणूस येतो. 'ऊ' लावा, तो निघून जातो. 'पेरे' लावला की रस्ता ओलांडतो. 'चिखात' म्हणजे शिंकत राहणं, पण शेवटी हिरवा 'नुत' बसवला की एकच शिंक. मुलं हसता हसता शिकत आणि माझं कौतुक होई.

पुढे काकू निवृत्त झाल्या आणि मुलाकडे, अमेरिकेतल्या डब्लिन नावाच्या गावी आल्या. मीही सोबत आलो आणि कपाटात धूळ खात पडलो. मग एका शनिवारी देवांग आला. मूळचा नागपूरचा, इथे आयटीत. आन्या नावाच्या रशियन मुलीशी त्याचं लग्न ठरलं होतं. तिला आजीने वाढवलं होतं आणि आजीला रशियनखेरीज दुसरी भाषा येत नव्हती.

"काकू, ग्रामर परफेक्ट नको मला," तो म्हणाला. "फक्त आजीशी गप्पा मारता यायला हव्यात."

पण काकू पडल्या पुण्याच्या शिक्षिका, वाढदिवसाच्या केकवरचंही शुद्धलेखन तपासणाऱ्या. देवांगने चुकीचा लाल ठोकळा उचलला की त्या तोच घेऊन टेबलावर टकटक करत. "सगळे उपसर्ग पक्के झाल्याशिवाय आजींसमोर तोंड उघडायचं नाही. चुकीचं बोलण्यापेक्षा न बोललेलं बरं." ती टकटक माझी होती, मित्रांनो. मला तेव्हा तिचा अभिमान वाटायचा.

देवांग शहाण्या मुलासारखा गप्प राहिला. रविवारी आजींकडे जेवायला जाई, मान डोलावी, हसे आणि घरी परते.

मार्चमध्ये एकदा तो आला, पण खुर्चीत बसला नाही.

"काकू, आजी आज इथून लांब, बॉथेलला मूव्ह होतेय, आन्याच्या मावशीकडे. इव्हनिंगची फ्लाइट आहे. ती आन्याला म्हणाली, या मुलाला मी आवडत नाही. माझ्याशी एक शब्द बोलत नाही."

काकूंचा चेहरा उतरला. "अरे, हे पाप माझं," त्या म्हणाल्या. "चल, आत्ताच्या आत्ता जाऊ." सवयीने त्यांनी मलाही पिशवीत घेतलं.

आजींच्या दारात बॅगा भरून ठेवलेल्या होत्या. देवांग आजींसमोर बसला आणि रशियनमध्ये बोलू लागला. पहिल्याच वाक्यात उपसर्ग चुकला, दुसऱ्यात प्रत्यय. काकूंचा हात पिशवीत गेला. त्यांनी माझा एक लाल ठोकळा मुठीत गच्च धरला, पण तो बाहेर काढला नाही. आजींना मात्र सगळं समजत होतं. त्यांनी देवांगच्या गालावर हात ठेवला.

"एवढं येत होतं, तर बोलला का नाहीस, बाळा? मी हिवाळाभर वाट पाहिली."

"मी जरा लाजाळू आहे," देवांग म्हणाला. त्याने काकूंकडे पाहिलंही नाही. त्याचं ते सांभाळून घेणं काकूंच्या फार जिव्हारी लागलं.

"तो लाजाळू नाही," त्या रशियनमध्ये म्हणाल्या. "मी त्याला बोलू दिलं नाही."

मला पिशवीच्या तळाशी दडून बसावंसं वाटलं.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जरूर जपा. पण कोणी अडखळत तुमच्याशी बोलू लागलं, तर आधी त्याला जपा. त्याचं बोलणं पुरतं ऐका. चुका काय, उद्याही सुधारता येतील.

आजींच्या रशियन घरात कोणी प्रवासाला निघण्यापूर्वी सगळे क्षणभर गप्प बसतात. तशी त्यांची रीतच आहे. त्या दिवशीही सगळे बसले. पण आजींनीच नकारार्थी मान हलवली आणि त्या देवांगला म्हणाल्या, "आज गप्प बसायचं नाही. गप्प आपण पुष्कळ बसलो. तू बोल."