तारेपलीकडचा कळप

कुआरेगी शिकारीला निघाला की दमेपर्यंत थांबत नसे, आणि तो दमतच नसे, अशी त्याच्या बायकोची तक्रार होती. त्या दिवशी तर पहाटेच्या धुक्यात तळ सोडल्यापासून त्याने मेहुण्याला, चिंबेगीला, पाणी प्यायलाही बसू दिलं नव्हतं. वाटेत कवचाच्या पाठीच्या आर्माडिलोचं ताजं बीळ लागलं. चिंबेगी लगेच गुडघे टेकून उकरायला लागला.

"ऊठ. आर्माडिलो काय, बायकाही काढतात."

"काढतात म्हणून तर आपण खातो, दाजी. तुमच्या त्या सोंडवाल्या टापिरच्या शिकारीच्या गोष्टींनी कुणाचं पोट भरलंय?"

कुआरेगी थांबला नाही. डोक्यावरून माकडांची टोळी गेली, तिकडेही त्याने मान वर केली नाही. ओढ्याकाठचा चिखल रानडुकरांच्या खुरांनी घुसळून निघालेला त्याने पाहिला होता. पांढऱ्या ओठांच्या डुकरांचा मोठा कळप! असा माग कितीतरी पावसाळ्यांत दिसला नव्हता.

दिवस कलायला लागला तेव्हा तो माग तारेच्या कुंपणाखालून पलीकडे गेला. पलीकडचं रान आता एका जमीनमालकाचं होतं. कुआरेगीचा बाप तिथे महिना महिना फिरायचा. आता मात्र तिथे राखणदार फिरत. गेल्या हिवाळ्यात त्यांतल्या लाल रुमालवाल्याने कुआरेगीच्या चुलत भावावर गोळी झाडली होती. भावाचा हात अजून वर होत नव्हता.

"दाजी, बस झालं. मागे फिरू."

"डुकरांना तार दिसली नाही. मला का दिसावी?"

तो वाकून आत शिरला. चिंबेगी पुटपुटत मागोमाग आला.

थोड्याच वेळात उग्र वास आला, मग दातांवर दात आपटल्याचा आवाज. दोघं वाऱ्याच्या उलट अंगाने सरपटत बांबूच्या जाळीपर्यंत पोचले. कुआरेगीने बाण लावला आणि त्याच वेळी मागून कुत्रं भुंकलं.

दोघं जमिनीला चिकटले. राखणदार त्यांचाच माग काढत आला होता. तो जाळीपासून हाताच्या अंतरावर उभा राहिला. गळ्यात लाल रुमाल. कुआरेगीला त्याच्या घामाचा वास येत होता. पुढे कळप आहे हे त्या माणसाला माहीत नव्हतं.

कुत्र्याला मात्र कळलं. ते गुरगुरत झाडीत घुसलं आणि पुढच्याच क्षणी केकाटत धन्याच्या पायांमधून मागे पळून गेलं. त्याच्यामागे सगळा कळप.

माणसाने एक गोळी झाडली. दुसरी झाडायला वेळच मिळाला नाही. बंदूक टाकून तो रानसंत्र्याच्या झाडावर चढला, फांदी मोडली आणि तो अर्धा लटकला. एका डुकराने त्याची पोटरी धरली.

चिंबेगी कानाशी म्हणाला, "चला. आत्ताच चला. त्याचं तो बघेल."

कुआरेगीच्या डोळ्यांपुढे भावाचा लुळा हात आला. तो उठला. पळायलाच उठतोय, असं त्याला स्वतःलाही वाटलं होतं. पण त्या माणसाची किंकाळी त्याने ऐकली आणि त्याचे हात धनुष्यावर गेले. त्याने जोरात आरोळी ठोकली, बाण सोडला. पोटरी धरलेलं डुक्कर आडवं झालं. कळप आवाजाच्या दिशेने वळला.

"झाडावर!" तो ओरडला. दोघं मिळेल त्या फांदीला लोंबकळले. खाली पाठीच पाठी, धूळ, आणि दातांचा तो आवाज. बऱ्याच वेळाने कळप आत रानात निघून गेला.

सगळे खाली उतरले. बंदूक मध्येच पडली होती. राखणदाराने तिच्याकडे पाहिलं, पण चिंबेगीने ती आधी उचलली आणि त्याच्यावर रोखली.

"दाजी, हाच ना तो?"

"हाच."

माणसाने दोन्ही हात वर केले. कुआरेगीने चिंबेगीच्या हातून बंदूक काढून घेतली आणि दूर, पण राखणदाराला लंगडत जाऊन घेता येईल अशा जागी झाडाला टेकवून ठेवली. मग राखणदाराच्याच गळ्यातला रुमाल सोडून त्याची पोटरी करकचून बांधली.

"मालकाने विचारलं तर मला तुमच्याबद्दल सांगावं लागेल," माणूस म्हणाला.

"सांग."

त्याने पोटरीवरची गाठ चाचपली. "डुकरांनी धरलं, असं सांगेन."

"मग खोटं काय त्यात?" चिंबेगी फणकारला.

डुक्कर खांद्यावर घेऊन ते तारेशी पोचले तोच मागून गोळीचा आवाज आला. मग आणखी एक. दोघं जागच्या जागी थिजले. तो मदतीला माणसं बोलावत होता की यांच्यावर नेम धरत होता, हे दोघांनाही शेवटपर्यंत कळलं नाही.

तळावर सगळ्यांनी पोटभर मांस खाल्लं. त्यांच्यात आपण मारलेलं आपण खायचं नसतं, म्हणून कुआरेगी ताडाचा भाजलेला गाभा चघळत बसला. बायकोने विचारलं, "एवढा उशीर? कुठवर गेला होतास?"

"तारेपलीकडे."

तिचा घास हातातच राहिला. "पुन्हा जाशील?"

कुआरेगी अंधारात, कळप ज्या दिशेला गेला होता तिकडे बघत राहिला.