रबराचा तांदूळ

मोहाडीजवळच्या आमच्या गावात धान भरडायची गिरणी एकच, भोजराजची. शहात्तर साली सरकारी साहेबानं त्याला तंबी दिली, लोखंडी यंत्र काढ, रबरी रोलर बसव, म्हणजे तांदळाची कणी होणार नाही. भोजराजनं बायकोच्या पाटल्या मोडल्या आणि रोलर मागवले. ते काही येईनात. नागपूरचा व्यापारी रोज नवं कारण सांगे. केरळात पाऊस थांबत नाही, झाडांचा चीक काढता येत नाही. मलायातलं रबर तर टायरवालेच उचलून नेतात. शेवटी जगभरच्या मोटारींचं पोट भरल्यावर उरलेलं रबर एकदाचं वरठी स्टेशनावर उतरलं.

तांदूळ इतका सबंध पडला, की बायका सुपात घेऊन शेजारणींना दाखवत फिरल्या. भोजराज मिशीला पीळ देत बसला.

काही दिवसांत रोलर झिजले. गावात सोमाजी नावाचा म्हातारा होता. कुठल्याही यंत्राची चौकशी केल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. त्यानं रोलर बोटानं चाचपला.

"भोजराज, हे रबर तं कमी झालं गा. गेलं कोठी?"

"कोंड्यात जाते, सोमाजी भाऊ."

"सारंच?"

"थोडंबहुत तांदळातही जात असन."

मूर्ख लेकाचा! गप्प बसायला काय झालं होतं?

ते दिवस नसबंदीचे. जीप दिसली की गडीमाणसं तळ्याच्या पाळीमागं दडत. सरकार रबराची आणखी एक वस्तू गावोगाव फुकट वाटत होतं. पोरं तिचे फुगे करून उडवत आणि बाया मान फिरवत. आता गिरणीतही सरकारनंच रबर बसवायला लावलं म्हटल्यावर सोमाजीला अर्थ लावायला कितीसा वेळ लागणार?

"गडी धरता येत नाही म्हणून आता रबर भातातून चारून राहिले!" त्यानं चावडीवर जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी गिरणीत एकही पोतं आलं नाही. घरोघरी उखळ-मुसळ निघाली. भोजराज समजावायला चावडीवर गेला.

"हे झाडाचं दूध हाय. केरळात झाडाले खाप पाडते अन् वाटीत धरते."

"म्हंजे रुईच्या चिकावानी?" सोमाजीनं विचारलं.

"तसंच."

बायकांनी तोंडाला पदर लावले. नको असलेल्या पोटावर जुन्या बाया रुईचा चीक वापरत, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. त्या दिवसापासून भोजराजनं समजावणंच सोडलं. बंद गिरणीच्या दारात तो नुसता बसून असायचा. मला त्याची खरंच कीव यायची.

रबराचा तांदूळ खाणारं घर उरलं एकच, त्याचं स्वतःचं. त्याची बायको चंद्रकांता म्हणाली, पाटल्या घालवून आणलेलं यंत्र आहे, मी मुसळ हातात धरणार नाही. आणि एका संध्याकाळी तिनंच नवऱ्याला बातमी दिली. धाकट्या पोराला मिसरूड फुटलेलं, घरात सून आलेली. भोजराजनं आधी दार लावून घेतलं.

"लोक काय म्हणतीन वो?"

"काय म्हणतीन, अजी? गिरणी चांगली हाय म्हणतीन."

पोट दिसू लागलं तशी चंद्रकांता एकही आठवडी बाजार चुकवेना. पदर आवळून, पोट पुढं काढून ती मोहाडीच्या बाजारात या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडायची. घ्यायची वांगी पावभर, चकरा मात्र डझनभर. कोणी विचारो न विचारो, "आमी गिरणीचाच तांदूळ खातो, बाई," हे ठरलेलं. थोरला पोरगा लाजेनं बाजाराचा रस्ताच टाळू लागला. पण एक पोतं आलं, मग दुसरं, मग बैलबंड्यांची रांग पार सडकेपर्यंत गेली.

एका दुपारी सारे जेवायला गेलेले पाहून सोमाजी सायकलवर पोतं घेऊन आला.

भोजराज तयारच होता. "काहून, सोमाजी भाऊ? आता भेव नाही वाटत?"

सोमाजीनं आधी मागं-पुढं पाहिलं.

"माह्या सुनेच्या लग्नाले लय दिवस झाले गा. लेकरू नाही." मग तो अगदी कानाशी आला. "रोलर जरा घट्ट कर. रबर बरोबर उतरलं पाह्यजे."

भोजराजनं पोतं उतरवून घेतलं. मग त्यानं गंभीर चेहऱ्यानं रोलरचं चाक आवळलं. थोडंसंच. रबर महाग होतं.